शून्य कुठे ठेवायचं

सोळा वर्षं मी बुटीबोरीत होतो.
पिना तपासायचो.
हातात दोन तोंडांचं गेज:
एका तोंडातून पिन गेली पाहिजे,
दुसऱ्यातून जाता कामा नये.
एवढाच प्रश्न, दिवसाला नऊशे वेळा.

नापास पिनेवर लाल ठिपका,
मग लाल पेटी, मग भट्टी.
ही पिन जाड का राहिली
हे मी कधी विचारलं नाही.
विचारायचे पैसे दुसऱ्या कुणाला मिळत होते.

एकदा कंपनीच्या बसमध्ये, जामठ्याच्या पुढे,
सोनकुसरेनं लेकीची वही काढली. अपूर्णांक.
"सांग बे जरा, मले काई समजूनच नाई राह्यलं."
मी डबा उघडला, पोळी फाडली,
अर्धी, पाव, पावाची अर्धी,
मागच्या सीटवरचे दोघं वाकून पाहायला लागले,
आणि गेट आलं तेव्हा
पोळीचे सोळा तुकडे माझ्या मांडीवर होते.
त्या दिवशी नऊशेचा आकडा
साडेसातशेवरच राहिला.

बी.एड.ला एकेचाळिसाव्या वर्षी.
वर्गात सगळे मला काका म्हणायचे, शिकवणारे सुद्धा.
उज्ज्वलानं घराच्या हप्त्याचा कागद ओट्यावर पसरला,
चष्मा लावून बेरीज केली,
पुन्हा केली, खालून वर.
म्हणाली, "मग कूलरची मोटर यंदा नाही बदलायची."
ही तिची परवानगी.

आता इंदोऱ्यात. तासिका तत्त्वावर.
शिकवला तास तर पैसे,
सुट्टी आली की तीही मोजायची.
सातवी ब. वर पत्रा.

त्या दिवशी फळ्यावर एक रेघ मारली.
मधे शून्य मैलाचा दगड, घोड्यांसकट.
(घोडे बकऱ्यांसारखे झाले. वर्गानं तसं सांगितलं.)
वर्धा रोडकडे अधिक, कामठी रोडकडे उणे.
बुटीबोरी अधिक अठ्ठावीस.
आपली शाळा उणे पाच.

तिसऱ्या बाकावरून उत्पला रामटेके:
"म्हणजे सर, आमी सगळे मायनस?"

वर्ग हसला. ती नाही हसली.
मी खडू धरून उभा.
उणे म्हणजे कमी नव्हे, फक्त दिशा,
हे पुस्तकात आहे, पान चौदा,
मी तोंड उघडलंही होतं.
पण हा प्रश्न गेजच्या
कुठल्याच तोंडातून जात नव्हता.
म्हटलं, "ये. दगड उचल. कुठे ठेवतेस?"

तिनं तळहातानं शून्य पुसलं,
आणि कमाल चौकात ठेवलं,
मायच्या भज्यांच्या गाड्यापाशी.
मग थांबवता येईना.
प्रज्वलनं शून्य रेल्वेपुलाखाली नेलं,
बाप तिथे ऑटो लावतो.
एकानं दीक्षाभूमीवर.
एकानं शाळेच्या नळाशी, कारण त्याला तहान लागली होती.
खडूची धूळ, घामाच्या माना, एकोणीस शून्यं,
आणि बुटीबोरी प्रत्येकाची वेगळी.

उत्पला फळ्यापाशीच थांबली होती.
बोटानं काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते.
"सर, शून्य कुठंबी नेलं तरी
माय्या चौकातून याच्या पुलापर्यंत
तेवढंच राह्यते ना?"
मग म्हणाली, "तुमी काहून हसून राह्यले?"

घंटा झाली. माझा तास संपला होता,
पुढचा अर्धा तास कुणी मोजला नाही.

रात्री पेपर तपासतो. हिरव्या शाईनं.
एका पोराचं गणित चुकलंय, उत्तर साफ चूक,
पण सहा पायऱ्या लिहिल्यात,
तिसरीपर्यंत अगदी सरळ चाललाय बिचारा.
कूलरची जुनी मोटर खडखडते.
उज्ज्वला आतून विचारते, "झोपायचं नाही का?"
"थांब," मी म्हणतो,
"हा चौथ्या पायरीला कुठे वळला
ते पाहून राह्यलो."